सटवाईच्या आधी

हे देवा, बावनथडीच्या काठावरून ही हाक आहे. बपेरा हे भंडारा जिल्ह्यातलं, तुमसर तालुक्यातलं हद्दीवरचं गाव. पूल ओलांडला की मध्य प्रदेश लागतो, बालाघाट जिल्हा. राज्यांच्या हद्दी तुला ठाऊक असायचं कारण नाही, पण या मागण्यात त्या येणार आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तुला कोणत्या नावानं हाक मारावी यावर आमच्याकडे भांडण नाही. गोंडांच्या टोलीत तू बडादेव, चांदपूरच्या टेकडीवर मारुती, गायमुखच्या शिवरात्रीला महादेव. ज्या नावाला ओ द्यायची ते तू ठरव.

मागणं दोन जिवाच्या बायांसाठी आहे. तशा सगळ्याच आमच्या, पण आज गोंडांच्या, हलबांच्या त्या लेकीसुनांसाठी हात जोडले आहेत, ज्या धान निघालं की नागपूरच्या गाडीत बसतात. पोटात चौथा-पाचवा महिना, हातात भांड्यांचं बोचकं. तिथं बांधकामावर टिनाच्या शेडात राहतात आणि रोवणीच्या वेळी परत येतात. गावाला वाटतं त्या शहरात आहेत, शहराला वाटतं त्या गावच्या आहेत. तुझ्या हिशेबात तरी त्या कुठेतरी असाव्यात, अशी आशा आहे.

आमच्याकडे तान्हं गेलं की म्हणतात, देवानं दिलं, देवानं नेलं. म्हातारी म्हणते, बाप म्हणतो, कधी कधी पांढऱ्या कोटातला माणूसही म्हणतो. बोलणारा मोकळा होतो आणि विषय मिटतो. किती वर्षं आम्ही हे तुझ्या नावावर टाकत आलो देवा, आणि तू एकदाही उलटून विचारलं नाहीस. आज ते तुझ्या नावावरून उतरवून घ्यायला आलो आहोत.

पाचवीच्या रात्री आम्ही सटवाई पुजतो. दिवा रात्रभर जागता ठेवतो, जवळ कोरा कागद नि लेखणी ठेवतो. ती येते आणि लेकराच्या कपाळी लिहून जाते, अशी श्रद्धा आहे. आम्ही ती मोडायला निघालो नाही. पण तुझ्यापाशी खोटं कशाला बोलावं? सटवाई येते पाचव्या रात्री, तोवर कपाळ निम्मं भरलेलं असतं. त्यावर आधीच कुणीकुणी लिहून ठेवलेलं असतं, आणि त्यात तुझं अक्षर फार थोडं.

एकेक अक्षर वाचून दाखवतो, ऐक.

पहिलं अक्षर रोवणीचं. आषाढात बांधी चिखलली की बायांची टोळी उतरते. काम ठेक्यानं. एकराचा भाव ठरतो आणि पैसे टोळीत वाटले जातात. एक बाई मागे पडली की बाकीच्यांची रोजी पडते, म्हणून सातव्या महिन्याची बाई स्वतःहून थांबत नाही. मुकादमाला ओरडावंही लागत नाही. पिंडरीभर पाण्यात, कमरेत वाकून, डाव्या हातात पऱ्ह्याची पेंडी धरून ती सकाळपासून मागे मागे सरत राहते. पाठीवर पाऊस, पोटावर स्वतःच्याच मांड्यांचा दाब. दुपारी बांधावर बसून भात आणि पातळ डाळ खाते, त्यातलंही थोरल्या लेकरासाठी थोडं राखून. याच दिवसांत पोटातलं बाळ वजन धरत असतं. धान मात्र चांगलं येतं, देवा. भंडारा हा भाताचा जिल्हा म्हणून नावाजलेला आहे.

दुसरं अक्षर गुडाखूचं, तंबाखूच्या लगद्याचं. पहाटे उठल्या उठल्या हिरड्यांवर बोट फिरवलं की भूक मरते. बायका हसून सांगतात, त्याशिवाय संडासही होत नाही. मग आहे खर्रा. आणि ज्या घरी बसून बिड्या वळतात, त्यांच्या बोटांतून आणि श्वासातून तंबाखू तशीच आत जाते. तंबाखूनं बाळाचं वजन घटतं, हे आता सगळ्या जगाला ठाऊक आहे. म्हणून आम्ही भिंतीवर लिहितो, तंबाखू सोडा. उपाशीपोटी कामाला जाणाऱ्या बाईची भूक मारायचं दुसरं स्वस्त साधन कोणतं, हे मात्र त्या भिंतीवर लिहिलेलं नसतं. व्यसन तिचं, भूक कुणाची?

तिसरं अक्षर रक्तातलं आहे, आणि ते खरोखर तुझं असावं. सिकलसेल. रक्तपेशी गोल राहायच्या त्या कोयत्यासारख्या वाकतात. विदर्भात, गोंडांत आणि इतरही समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता, की बाळ हा आजार घेऊन येईल. आजार असलेल्या बाईला दिवस गेले की दुखण्याचे झटके वाढतात, रक्त आणखी उतरतं, बाळ लहान राहतं किंवा वेळेआधी येतं. 1 जुलै 2023 ला आमच्या शेजारच्या मध्य प्रदेशात, शहडोलला, याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाचणी साधी असते, बोटातून रक्ताचा थेंब. हे अक्षर तुझं असलं तरी ते वेळेत वाचायचं काम आमचं होतं. लग्न ठरवताना आम्ही गोत्र पाहतो, देव किती ते पाहतो, सहादेवे की सातदेवे. रक्ताचा कागद पाहायला अजून लाजतो.

गावची आरोग्य कार्यकर्ती, आशाताई, बाळंतिणीच्या घरी येते तेव्हाची एक गोष्ट दाखवतो, देवा, जवळून बघ. तिच्या पिशवीत काटा असतो, आकड्याला कापडाची झोळी अडकवायची तसा. झोळीत बाळ ठेवलं की ते हात आखडून घेतं. काटा वर धरून ती डोळ्यांच्या रेषेत आणते, थरथर थांबायची वाट बघते. एक किलो आठशे. अडीच किलोच्या खाली आलं की कमी वजनाचं, असा नियम आहे. बाळाची आजी विचारते, "बरं हाये ना जी?" आशाताई लगेच उत्तर देत नाही. आधी बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवते, वरून दोघांना लुगड्यात गुंडाळते, बाळाच्या डोक्यावर टोपी सारखी करते आणि मग म्हणते, "बरं राहील. पण असंच ठेवा, न्हाऊ घालू नका इतक्यात." कांगारू पद्धत म्हणतात त्याला. त्याला लागते ती फक्त आई, आणि आईला लागते ती निवांत बसायची सवड.

ती सवड कुठून येणार, ते आता मागतो.

बाळंतपण दवाखान्यात झालं तर जननी सुरक्षा योजनेत पैसे मिळतात, अनुसूचित जातीजमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला. गावात 700 रुपये, शहरात 600. जिथं भाडं जास्त, दूध महाग, तिथं शंभर कमी. हा हिशेब कुणाचा, ते तू तरी विचारू नकोस. पण तेवढ्यासाठीही जातीचा कागद लागतो, नाहीतर दारिद्र्यरेषेचं कार्ड, आणि आधार जोडलेलं बँकेचं खातं. इथं आमची ती हद्द येते, देवा. नदीपल्याडून लग्न होऊन आलेली गोंडाची लेक त्या तीरावर आदिवासी असते. या तीरावर तिचा तिकडचा दाखला राज्याच्या सवलतींना चालत नाही. इकडचा दाखला हवा तर 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा महाराष्ट्रातला पुरावा दाखव म्हणतात, तोही बापाकडचा. बापाचं घर नदीच्या पलीकडे. एकच नदी, एकच भाषा, एकच बडादेव. पूल ओलांडताना तिचं आदिवासीपण पाण्यात पडतं की काय, कळत नाही.

दाखल्यासाठी माणसं मेलीही आहेत, हे तुला माहीत आहे. 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात गोवारींचा मोर्चा होता, आम्हाला आदिवासी म्हणून लिहा एवढंच मागणं. चेंगराचेंगरीत 114 जण गेले, त्यात बाया होत्या, लेकरं होती. न्यायालयात पुढे काय काय झालं तो मोठा इतिहास आहे. बाळंतिणीपुरतं बोलायचं तर इतकंच, की आमच्या मुलखात कागद हा औषधाइतकाच जीवनमरणाचा असतो.

आणि भंडारा जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात येत नाही. गडचिरोली येतो, मेळघाट येतो, आम्ही नाही. आदिवासी म्हटलं की सरकारच्या आणि वर्तमानपत्राच्या डोळ्यांपुढे डोंगर, जंगल आणि घाटातला पाडा येतो. मेळघाटातल्या बालमृत्यूंवर 1993 पासून ओरड झाली, ती व्हायलाच हवी होती. पण डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्य समितीनं 2018 च्या अहवालात दाखवून दिलं, की देशातले निम्म्याहून अधिक आदिवासी आता आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात. म्हणजे अर्धे आदिवासी अशा ठिकाणी आहेत, जिथं त्यांना कुणी शोधत नाही. गरोदर बायांसाठीच्या अमृत आहार योजनेचं ताट आदिवासी क्षेत्रातल्या अंगणवाडीत शिजतं. नागपूरच्या बांधकामावरच्या टिनाच्या शेडात ते पोचत नाही.

त्या शेडाकडे बघ, देवा. दिवसा टिन तापतं, रात्री गार पडतं. नळ साइटच्या दुसऱ्या टोकाला. संडासाला अंधार पडल्यावर जायचं, म्हणून ती दिवसभर पाणी कमी पिते, आणि मग लघवीची जळजळ मागे लागते. असं इन्फेक्शन अंगावर काढलं की कळा वेळेआधी सुरू होतात. गावात असती तर आशाताईनं दारात येऊन गोळ्या दिल्या असत्या. इथं वस्तीची आशा म्हणते, ही साइट माझ्या यादीत नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर नंबर असतो, तो देशभर चालावा म्हणूनच काढलेला. पण कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत राहिलेलं असतं. मोठ्या दवाखान्यात ती नववा महिना लागल्यावर पोचते आणि खिडकीपलीकडून प्रश्न येतो, "इतके दिवस कुठे होतीस?" उत्तर तिला येत नाही असं नाही. बपेरा म्हणावं, की साइटचं नाव सांगावं, की ठेकेदाराचं, हे तिला ठरवता येत नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतं, ह्या लोकांना काही समजतच नाही. ती पुढच्या तपासणीला जात नाही. अशिक्षितपणामुळे ती आली नाही, असं नंतर कुठंतरी लिहिलं जातं.

गंमत बघ. हे नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, 1702 साली. त्याच्याच शहरात त्याच्या जमातीच्या बाईला वाळू वाहायला जागा आहे, बाळंत व्हायला नाही.

हे फक्त आमच्याकडेच आहे असं म्हणून तुला कोंडीत पकडायचं नाही. ऑस्ट्रेलियात तिथले मूळ रहिवासी बहुतेक आता शहरांत नि गावठाणांत राहतात, आणि त्यांची बाळं इतरांच्या जवळजवळ दुपटीनं कमी वजनाची जन्मतात. तिथं दवाखाने थोर, डॉक्टर पुरेसे, रस्ते गुळगुळीत. तरी तेच. भाड्याचं घर कधी सुटेल याची धास्ती, कोवळ्या वयातलं आईपण, धूम्रपान, घरातली मारहाण, आणि दवाखान्यात कमी लेखणारी नजर. ब्रिस्बेनला 2013 पासून एक काम चाललं आहे. आदिवासींच्या स्वतःच्या आरोग्य संस्था आणि एक प्रसूतिरुग्णालय यांनी मिळून ठरवलं, की प्रत्येक बाईला दिवस गेल्यापासून बाळंतपणानंतरच्या दीड महिन्यापर्यंत एकच ओळखीची सुईण मिळेल. रात्री-अपरात्री फोन करावा तर तीच उचलेल, आणि शेजारी आधाराला आपल्याच समाजाची बाई असेल. वेळेआधीची बाळंतपणं तिथं बरीच कमी झाली. यंत्र कुठलंही नवं आणलं नव्हतं. आमच्या आज्यांना ही पद्धत माहीत होती. त्यांच्या सुईणीकडे निर्जंतुक ब्लेड नव्हतं, एवढाच फरक, आणि तोही काही लहान फरक नव्हे.

आता जे बोलायचं ते बोलताना जीभ जड होते. 9 जानेवारी 2021 ची रात्र. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात आजारी नवजातांचा कक्ष, आत 17 लेकरं. मध्यरात्र उलटल्यावर आग लागली. 7 वाचली. 10 गेली, तीन भाजून आणि सात धुरानं गुदमरून, असं तेव्हा सांगण्यात आलं. आया दुसऱ्या वॉर्डात होत्या, छातीत दूध दाटलेलं. बहुतेक घरं हातावर पोट असलेली. मंत्री आले, पाच-पाच लाख जाहीर झाले, समिती बसली, शॉर्टसर्किट म्हणाली.

अशा कक्षात कोणती बाळं येतात, देवा? वेळेआधी आलेली, वजन न धरलेली, जंतुसंसर्ग झालेली. आग कशी लागली याची चौकशी झाली. ती लेकरं त्या काचेखाली आलीच का, याच्या चौकशीला कधी समिती बसत नाही. ती बसली असती तर तिला रोवणीच्या बांधीपर्यंत यावं लागलं असतं, टिनाच्या शेडापर्यंत जावं लागलं असतं, अठरा पुरायच्या आत उरकलेल्या लग्नांच्या मांडवात बसावं लागलं असतं. शॉर्टसर्किट स्वस्त पडतं.

गोंदिया जिल्ह्यात सालेकशाजवळ कचारगड आहे, तू तिथंही असतोस. माघी पुनवेला लाखो गोंड जमतात. सांगतात की काली कंकालीची लेकरं त्या गुहेत कोंडली होती, तोंडावर मोठी शिळा. जंगो रायताडनं त्यांची माया केली, पहांदी पारी कुपार लिंगोनं त्यांना सोडवायचं ठरवलं, आणि हिरासुका पाटालीरनं वाद्य वाजवून त्या लेकरांत बळ भरलं. शिळा सरकली, लेकरं बाहेर आली, हिरासुका त्याच शिळेखाली गेला. धर्माची सुरुवातच कोंडलेली लेकरं सोडवण्यापासून होते, असा समाज आमच्या शेजारी राहतो. त्या रात्री भंडाऱ्यात ज्यांनी धुरात शिरून सात बाळं काढली, त्यांना तू हिरासुकाच्या रांगेत बसव. बाकी दहा तुझ्याजवळ आहेत. त्यांना आमच्या वतीनं काही सांगू नकोस. सांगण्यासारखं आमच्याकडे नाही.

पण निराश होऊन तुझ्या दारात आलेलो नाही. गडचिरोलीत राणीताई आणि अभय बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेतून गावातल्याच बायांना शिकवलं. श्वास मोजायचा कसा, ऊब द्यायची कशी, जंतुसंसर्ग ओळखायचा कसा, इंजेक्शन कधी द्यायचं. आरोग्यदूत म्हणतात त्यांना. 39 गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी खाली आलं, 1999 साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि आज देशभरातली आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जाते ती त्याच वाटेनं. म्हणजे कपाळावर लिहिलेलं खोडता येतं. थोडंफार शिकलेल्या बाईला खोडता येतं. वर आम्ही त्या बाईचं मानधन महिनोन्‌महिने थकवतो आणि ती संपावर गेली की नावं ठेवतो.

तर आता मागणं ऐक. चमत्कार मागत नाही, ते तुला फार मागितले जातात.

गाव सोडून नागपूरला निघालेल्या प्रत्येक दोन जिवाच्या बाईला, निघताना पेटीतलं कार्ड आठवू दे. तिथल्या वस्तीच्या आशाताईला तिची यादी संपल्यावरही चार पावलं पुढे टाकायचं बळ दे, आणि सरकारला त्या चार पावलांचे पैसे द्यायची बुद्धी दे. पूल ओलांडून आलेल्या सुनेला दाखला मिळेपर्यंत तिचं पोट थांबत नाही, हे तहसिलातल्या बाबूंच्या ध्यानी आण. खिडकीमागच्या माणसाला "कुठे होतीस" ऐवजी "बस बाई, पाणी पी" एवढं म्हणायला शिकव. कामावर बाई ठेवणाऱ्या ठेकेदाराच्या स्वप्नात संडास आण. ज्या बापाला सतरा वर्षांच्या लेकीचं लग्न उरकायची घाई आहे, त्याला एक वर्ष आड घाल. नवऱ्यानं मोहाच्या दारूवर उडवलेल्या रोजीतून निदान अंड्यांचे पैसे आधी बाजूला पडू देत. दवाखान्यांतल्या प्रत्येक काचेच्या पाळण्यामागच्या वायरीवर तुझी नजर राहू दे, आणि तुझ्याआधी इंजिनिअरची.

सासवांना एक वेगळं सांग, देवा, आमचं त्या ऐकत नाहीत. पोटातलं बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल म्हणून सुनेला कमी जेवू घालतात, त्यांना त्यांच्या स्वतःच्या गेलेल्या लेकरांची आठवण देऊन समजाव. रागावू नकोस. त्यांनाही कुणी पोटभर वाढलं नव्हतं.

आणि शेवटचं, जे तुझ्याकडे मागायचं आणि आम्हीच द्यायचं आहे. येत्या आषाढात बपेऱ्याच्या बांध्यांत टोळी उतरेल, तेव्हा सातव्या महिन्याच्या बाईला बांधावर बसवून पेंड्या मोजायला द्याव्यात आणि तिचा हिस्सा पूर्ण द्यावा, एवढं टोळीतल्या प्रत्येकीच्या आणि बांधीच्या मालकाच्या मनात घाल. मालकानं ऐकलं नाही, तर ग्रामसभेत उभं राहून त्याचं नाव घ्यायची हिंमत आम्हाला दे.